साथीचा कायदा आणि अंमलदार

१८९७ साली मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सरकारने साथरोग कायदा केला. त्याचे तिसरे कलम आज्ञाभंग करणाराला शिक्षा सांगते. चौथे कलम सद्हेतूने वागणाऱ्या अंमलदाराला दाव्यापासून अभय देते. परंतु अंमलदारानेच निर्बंधाला बगल दिली तर?

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी असताना गृह विभागाचे प्रधान सचिव अमिताभ गुप्ता यांच्या पत्रावर वाधवान कुटुंबीयांसह २३ जण खंडाळ्याहून महाबळेश्वरास पोहोचले. प्रवाशांवर गुन्हा नोंदला गेला. सचिवांच्या वाट्याला सक्तीची रजा व चौकशी आली. सप्टेंबरात ते पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. प्लेगच्या अंमलदारांना टिळकांनी ‘केसरी’तून जाब विचारला, तो याच पुण्यात!

कायद्याचा दरारा दंडाने नव्हे, समदृष्टीने टिकतो.