ह्यूम (मँचेस्टर)

ह्यूम हा इंग्लंडमधील मँचेस्टर शहराचा एक भाग आहे. तो शहराच्या मध्यवस्तीला लागून, नैर्ऋत्य दिशेला वसलेला आहे. इंग्रजीत या नावाच्या लेखनात 'ल' हे अक्षर असले तरी त्याचा उच्चार होत नाही. विसाव्या शतकात अवघ्या तीस-पस्तीस वर्षांत ही वस्ती दोनदा पाडून पुन्हा उभारण्यात आली. त्यामुळे नगररचनेच्या अभ्यासात ह्यूमचे उदाहरण वारंवार दिले जाते.

नाव व स्थान

'ह्यूम' हे नाव जुन्या डॅनिश भाषेतून आले असून त्याचा अर्थ पाण्याने वेढलेली किंवा पाणथळीतील उंचवट्याची जमीन असा होतो. अर्वेल व मेडलॉक या नद्या आणि कॉर्न ब्रुक हा ओढा यांच्यामध्ये ही जमीन येत असल्याने हे नाव सार्थ ठरते.

इतिहास

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत ह्यूम हे लँकेशायर परगण्यातील शेतीवर जगणारे लहानसे खेडे होते. ब्रिजवॉटर कालव्यामुळे मँचेस्टरला कोळसा स्वस्तात मिळू लागला, कापडगिरण्या वाढल्या आणि कामगारांच्या घरांसाठी ह्यूमची शेते बांधकामाखाली गेली. १८३८ मध्ये मँचेस्टरला नगरपालिका मिळाली, तेव्हा ह्यूमचा समावेश तिच्या हद्दीत झाला. घरे दाटीने आणि घाईने बांधली जात होती. सांडपाण्याची व शौचालयांची सोय अपुरी असल्याने रोगराई पसरे. १८४४ च्या स्थानिक कायद्याने प्रत्येक नव्या घराला शौचालय सक्तीचे केले. त्यामुळे पाठीला पाठ लावून घरे बांधण्याची पद्धत मँचेस्टरमध्ये थांबली. तथापि आधी बांधलेली घरे तशीच वापरात राहिली.

याच भागातील कुक स्ट्रीटवर हेन्री रॉइस यांनी १८८४ मध्ये विजेच्या उपकरणांचा कारखाना काढला. तेथेच १९०४ मध्ये त्यांची पहिली मोटार तयार झाली. त्याच वर्षी त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी भेट झाली व 'रोल्स-रॉइस' या नावाचा उदय झाला. १९०८ मध्ये हा कारखाना डर्बी येथे हलविण्यात आला.

पहिले पाडकाम व क्रेसेंट्स

१९६० च्या दशकात महापालिकेने जुन्या घरांच्या रांगा पाडल्या. घरांबरोबर दुकाने आणि शेजारही नाहीसा झाला. स्ट्रेटफर्ड रोड हा गजबजलेल्या बाजारपेठेचा रस्ता मध्येच तोडला गेला. मोकळ्या जागेवर १९७२ पर्यंत 'ह्यूम क्रेसेंट्स' या चार प्रचंड चंद्रकोरीच्या आकाराच्या इमारती उभ्या राहिल्या. ह्यू विल्सन व लुईस वूमर्स्ली या वास्तुविशारदांपुढे बाथ शहरातील अठराव्या शतकातील इमारतींचा आदर्श होता. घरांसमोरून जाणारे लांबलचक सज्जे हेच वरच्या मजल्यांवरील रस्ते व्हावेत, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात काँक्रीटच्या तयार तुकड्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागले आणि झुरळे घराघरांत पसरली. १९७३ नंतर इंधन महागल्यावर जमिनीखालून घर उबदार ठेवण्याची विजेची व्यवस्था रहिवाशांना परवडेनाशी झाली. १९७४ मध्ये एक लहान मूल सज्ज्यावरून पडून दगावले. रहिवाशांनी महापालिकेकडे दाद मागितली आणि पुढे तेथे मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना घरे देणे बंद झाले. कुटुंबे गेल्यावर विद्यार्थी, कलावंत व निराधार लोक तेथे राहू लागले. बंडखोर संगीताचे एक केंद्र म्हणून याच काळात ह्यूमला नाव मिळाले. 'फॅक्टरी' या नावाने ओळखल्या गेलेल्या संगीतरजनी १९७८ मध्ये येथील रसेल क्लबमध्ये सुरू झाल्या.

दुसरी उभारणी

१९९२ मध्ये सरकारच्या 'सिटी चॅलेंज' योजनेतून ह्यूमसाठी ३ कोटी ७५ लाख पौंड मंजूर झाले. १९९३ ते १९९५ या काळात क्रेसेंट्स जमीनदोस्त करण्यात आले. नव्या आराखड्यात सरळ रस्ते आणि रस्त्याकडे तोंड असलेली घरे यांवर भर होता. 'होम्स फॉर चेंज' या सहकारी गृहसंस्थेच्या इमारतीची आखणी करताना भावी रहिवाशांनी स्वतः भाग घेतला. १९९७ मध्ये ह्यूम आर्च हा कमानीचा पूल खुला झाला आणि तुटलेला स्ट्रेटफर्ड रोड पुन्हा जोडला गेला.

लोकसंख्या

जनगणनेतील निवडक आकडे पुढीलप्रमाणे आहेत:

१८०१ – १,६७७
१८४१ – २६,९८२
१८५१ – ५३,४८२
१८६१ – ६८,४३३
२०११ – १६,९०७

यांतील शेवटचा आकडा आजच्या महापालिका प्रभागाचा आहे. प्रभागाच्या व जुन्या ह्यूमच्या सीमा सारख्या नसल्याने तुलना स्थूलमानानेच करावी लागते. १८०१ ते १८५१ या पन्नास वर्षांत लोकसंख्या तीसपटींहून अधिक झाली. ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या कामगारांमुळे झाली. त्यांत आयरिश लोकांची संख्या मोठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आलेली कुटुंबे ह्यूम व शेजारच्या मॉस साइड भागात स्थायिक झाली. २०१४ मध्ये मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे बर्ली संकुल येथे सुरू झाले असून आजच्या वस्तीत विद्यार्थ्यांचे प्रमाण लक्षणीय आहे.