बहात्तरचा दुष्काळ आणि नातीची शुगर

गेल्या महिन्यात भाचीच्या लेकीचा फोन आला. नातच ती माझी. सातवा महिना चालू आहे. "आबा, मला शुगर निघाली," एवढंच बोलली आणि गप्प झाली. मागून कुणीतरी म्हणत होतं, पेढे खायला कुणी सांगितलं होतं! खरं सांगतो, दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. मास्तर माणसाला चूक कुणाची ते आधी ठरवायची सवय असते.

मग वाचायला लागलो. पोटात बाळ असताना वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बाळाला साखर पुरावी, ही निसर्गाचीच सोय. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून भरपाई करतं. ज्या बाईला ही भरपाई जमत नाही तिची साखर चढते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा वर गेला की गरोदरपणातला मधुमेह. पण भरपाई का जमत नाही? हे शोधताना मी थेट १९७२ सालात जाऊन पोहोचलो.

तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता. तो १ मे १९८१ चा. आमचा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. सलग पावसानं दगा दिलेला, विहिरी कोरड्या. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यात माझी थोरली बहीण, आक्का, पोटुशी असताना खडी फोडायला जायची. मीही बी.ए.ची पुस्तकं बाजूला ठेवून त्याच कामावर. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो. तिची भाकरी थापता थापता तुटायची. त्या उन्हाळ्यात भाची जन्मली. ओंजळीत मावेल एवढी. जगली हेच खूप, असं सगळे म्हणाले.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं होतं. त्या उपासमारीत जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांना पन्नाशीला आल्यावर ग्लुकोज देऊन तपासलं, तर त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त निघाली. आपल्याकडे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की आपली बाळं हडकुळी असूनही अंगावरची चरबी राखून होती, आणि मांसल भाग मात्र कमी. ज्या आया फार कष्ट करत, पाणी वाहत, शेतात राबत, त्यांची बाळं आणखी लहान. पालेभाज्या, दूध, फळं खाणाऱ्यांची थोडी मोठी. हे वाचताना आक्काच्या हातातला हातोडा डोळ्यांपुढे आला. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं, तेही भरल्या घरातल्या शाकाहारी बायकांना सुटत नाही.

आणि मग दिवस पालटले. घागर गेली, नळ आला. ज्वारी मागे पडली, गहू-तांदूळ-बिस्किटं आली. माझी नात दिवसभर खुर्चीवर बसून संगणकावर काम करते, येते-जाते स्कूटीवर, झोपायला बारा वाजतात. शहराच्या धुराचाही या आजाराशी संबंध दिसतो, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. कमी खाण्यात घडलेल्या शरीराला सुबत्ता झेपत नाही, एवढं मला त्यातून कळलं. नातीच्या शुगरला तिच्या आजीची खडीच कारणीभूत, असं एकट्या मुलीबद्दल कुणी छातीठोक म्हणू शकणार नाही. पण पेढ्यांवर सगळं ढकलणंही आता मला जमणार नाही.

नातीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिचं पथ्य सुरू आहे, जेवणानंतर चालते, आकडे बरे येताहेत. लागलं तर इन्सुलिन देतील म्हणाली, भीती थोडी कमी झालेली वाटली. बाळंतपणानंतरही दीड महिन्यानं पुन्हा तपासायचं आहे, हे तिनंच मला सांगितलं.

मग फोन तिच्या आईनं घेतला. तिला म्हटलं, "बाई, तू बावन्न वर्षांची झालीस, तुझी शुगर कधी बघितलीस?"

"मला काय झालंय, मामा? मी तर वाळकी काटकी."

तिला पुण्याच्या त्या हडकुळ्या बाळांची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. सोमवारी उपाशीपोटी जाते म्हणाली.