चित्तेवानाच्या ओसरीवर

निघण्याआधी दोन कामं करा. अंगावर फवारलेला तो सेंट साबणाने धुऊन टाका आणि पायांतले बूट काढून ठेवा. जिथे जायचंय तिथे नाकाला आणि तळपायांना भरपूर काम आहे. साल विचाराल तर १९३५च्या आसपासचं धरा. गाव कोल्हापूर. वेळ पहाटेची, तांबडं फुटायला अजून अवकाश आहे.

पहिल्यांदा येतो तो वास. शेणाने सारवलेली जमीन, घोंगडीची लोकर, राखेखाली धुमसणारी चूल. आणि या सगळ्याच्या तळाशी एक उग्र, खारट दर्प. हा दर्प तुम्ही आजवर फक्त प्राणिसंग्रहालयात, गजांच्या अलीकडे उभं राहून घेतला आहे. इथे गज नाहीत. हात लांब करून चाचपा. तुम्ही ओसरीवर, एका बाजेशेजारी जमिनीवर झोपला आहात आणि बाजेवर कोणीतरी घुरघुरतंय. आवाज बाजेच्या पायांतून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून थेट तुमच्या बरगड्यांत शिरतो.

पळू नका. तो चित्ता आहे. बिबट्या समजून बोंब ठोकलीत तर घरातली पोरं आठवडाभर तुमची नक्कल करत फिरतील. जरा उजाडलं की नीट बघून घ्या: अंगावर भरीव काळे ठिपके, डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा, खोल छाती, बारीक कंबर आणि जरुरीपेक्षा लांब वाटणारे पाय. गळ्यात पट्टा, कमरेला दुसरा पट्टा. त्याच बाजेवर, त्याच घोंगडीच्या दुसऱ्या टोकाखाली घरातला थोरला मुलगा गाढ झोपलाय. पांघरुणाची ओढाओढ रात्रभर झालेली दिसते आणि जिंकलाय चित्ता.

तुम्ही चित्तेवानाच्या घरी आला आहात. संस्थानाचे चित्ते सांभाळायचे, त्यांना माणसाळवायचं, माळावर नेऊन काळवीटावर सोडायचं आणि परत घरी आणायचं, हा या घराचा पिढीजात धंदा. आजोबांनी केला, बाप करतोय, बाजेवरचा मुलगा शिकतोय.

"उठलासा काय पावणं? च्या घ्या." आज्जी पितळी पुढे करते. गुळाचा चहा, जिभेला चटका देणारा. पितळी हातात धरून कोपऱ्यात बघा. तिथे दुसरा चित्ता आहे, नवा. डोळ्यांवर कातड्याची टोपी, चारी बाजूंनी दोर ताणलेले. कोणी हललं की फिस्कारतो. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर घरातल्या बायका काय करतायत? जात्यावर दळतायत, भांडी घासतायत आणि मोठमोठ्याने गप्पा मारतायत. शेजारच्या घरातलं लग्न, मिरचीचा भाव, कोणाची सासू काय म्हणाली, सगळं त्या बिचाऱ्याच्या कानावर पडतंय. पोरांना तर खास हुकूम आहे: इथेच बसून भांडा.

हे उगाच चाललेलं नाही. रानातून पकडून आणलेल्या जनावराला माणसाचा आवाज म्हणजे धोका. तो आवाज इतका ऐकवायचा, इतक्या जवळून आणि इतक्या कंटाळवाण्या विषयांवर, की त्याला त्याचं काही वाटेनासं व्हावं. म्हणजे चित्ता माणसाळवण्याचं निम्मं काम बायका-पोरांचं. शिकारीच्या फोटोत मात्र त्यांच्यापैकी कोणी दिसत नाही.

आता चला, जुन्या चित्त्याला फिरवून आणायची वेळ झाली. मुलगा साखळी हातात घेतो, तुम्ही मागून चला. चित्त्याची नखं मांजरासारखी पुरती आत जात नाहीत. फरशीवर टक टक वाजतात, ती ऐका. गल्लीतून बाहेर पडलात की गाव अंगावर येतं. टांग्यांच्या घंटा, घोड्यांच्या लिदीचा वास, करकरणाऱ्या नव्या चपला, तालमीतून लाल माती अंगावर घेऊनच बाहेर पडलेले पैलवान. रस्त्याकडेला म्हशी उभ्या आहेत आणि गिऱ्हाईक पेला घेऊन धारेची वाट बघतंय. चित्ता त्यांच्यामधून, मान किंचित खाली घालून, कोणाकडेही न बघता चालतो. लोकही फारसं बघत नाहीत. म्हैस तेवढी एकदा फुसकारते. बघणारे फक्त तुम्ही. रोजच्या रोज या गर्दीतून नेलं नाही तर माळावर, पंचवीस माणसांच्या गलक्यात, हा बिथरेल. म्हणून ही फेरी.

उन्हं वर यायच्या आत छकडा जुंपला जातो. फळीवर जाड गोणपाट, त्यावर चित्ता, डोळ्यांवर टोपी. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला मुलगा. आजोबा पुढे, गाडीवानाशेजारी. तुम्ही मागे लोंबकळा. रस्ता पूर्वेला जातो. पश्चिमेला दाजीपूरचं घनदाट रान आहे, गवे आहेत. पण चित्त्याला ते रान काय कामाचं? त्याला हवा मोकळा माळ, आखूड गवत आणि नजर पोचेल तिथवर आडकाठी नसलेली जमीन. काळवीटही तिथेच राहतं.

चाकांच्या खडखडाटाने दात वाजतात. धूळ नाकात, कानात, जिभेवर. ऊन पाठीवर चढत जातं आणि चित्त्याच्या कातड्यातून ऊब अन् वास दोन्ही वाढत जातात. मग आजोबा बोट वर करतात. सगळे गप्प.

लांबवर तपकिरी ठिपके. हरणी. आणि त्यांच्यापासून जरा सुटा, काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, पिळाच्या शिंगांचा नर. तुम्हाला वाटेल, आता खाली उतरून दबकत जायचं. तसं केलंत तर कळप क्षणात दिसेनासा होईल. दोन पायांवरचा माणूस हरणाला बरोबर कळतो. बैलगाडीचं मात्र त्याला काही वाटत नाही. शेतकऱ्यांच्या गाड्या रोजच माळावरून जातात. तरीही गाडी सरळ कळपाकडे न्यायची नाही. तिरपी न्यायची, लांबून वळसा, मग आणखी जवळून वळसा. बैल शेपटी हलवत चालतायत, गाडीवान काही झालंच नाही असा बिडी ओढतोय. तुमच्या कानात तुमचंच रक्त धडधडतंय.

"हलू नगा," आजोबा ओठ न हलवता म्हणतात. वारा कुठून आहे ते त्यांनी चिमूटभर माती सोडून आधीच बघितलंय. बापाचा हात टोपीच्या गाठीवर. मुलाचा श्वास थांबलेला.

टोपी निघते.

चित्ता लगेच उडी घेत नाही. आधी उजेडाला डोळे मिचकावतो. मग त्याची मान ताठ होते, मागच्या मांड्यांवरचं कातडं थरथरतं आणि पट्टा सैल होताच तो फळीवरून खाली ओघळतो. आवाज नाही. पहिली काही पावलं जमिनीला चिकटून. मग कळपातली एखादी हरिणी उंच उडी मारते आणि सगळा माळ एकदम पळू लागतो.

पुढचं नीट दिसेल अशी आशा ठेवू नका. धुळीची एक लांब रेघ, तिच्या टोकाला पिवळं काहीतरी, त्याच्या पुढे काळं काहीतरी. काळं वळतं, पिवळं वळतं, लांब शेपूट सुकाणूसारखी उलट बाजूला फेकली जाते. पंजाचा एक फटका मागच्या पायावर, काळवीट कोलमडतं, चित्ता त्याचा गळा धरतो. तुम्ही गाडीच्या दांडीवरची पकड सैल करेपर्यंत संपलेलं असतं. सगळं मिळून मिनिटभरही नाही. चित्त्याच्या दमाची मर्यादाच तेवढी.

आता खरं कसब बघा. बाप धावत जातो, पण शेवटची पावलं हळू आणि बाजूने टाकतो. तोंडाने तोच ओळखीचा आवाज काढत राहतो. कंबरेची सुरी निघते, जनावर हलाल होतं. लाकडी पळीत रक्त धरून ती चित्त्याच्या नाकापुढे येते. तो गळा सोडून पळीला लागतो आणि तेवढ्या वेळात मुलगा मागून टोपी चढवतो. मुलाचे हात कापतायत, पण गाठ नीट बसते. आजोबा काही बोलत नाहीत. फक्त पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात जातो. शाबासकी झाली.

रक्ताचा गरम, लोखंडी वास तुमचं पोट ढवळून काढेल. तोंड फिरवा हवं तर. काळवीटाचे मोठे डोळे अजून उघडे आहेत आणि ते बघून वाईट वाटलं तर तेही बरोबरच आहे. या घरातल्या धाकट्या मुलीलाही वाटतं. ती शिंगांना हात लावत नाही.

संध्याकाळी त्याच ओसरीवर या. वाटे झालेत. राजवाड्याचा मान राजवाड्यावर गेला, चित्त्याला त्याचं मांस मिळालं आणि घरच्या वाट्याचं पातेल्यात रटरटतंय. भाजलेलं खोबरं, लसूण, लाल तिखट. वासाने डोळ्यांत पाणी. भाकरी थापल्याचा थप थप आवाज. कंदिलाभोवती किडे. चित्ता बाजेवर पसरलाय आणि मधूनच चिवचिवतो. हो, चिवचिवतो. डरकाळी फोडायला त्याला येतच नाही.

मग आजोबांना कंठ फुटतो. सकाळच्या शिकारीबद्दल ते दोन वाक्यं बोलतात आणि मागे जातात. कधीकाळी एका काळवीटाने चित्त्याला कसा गुंगारा दिला. चुकलेला चित्ता रुसून माळावर कसा बसून राहिला आणि त्याची समजूत काढता काढता दुपार कशी झाली. पूर्वी इकडच्याच मुलखातला चित्ता मिळायचा, आता आफ्रिकेतून जहाजाने येतो, त्याची चाल कशी वेगळी. काळवीटाच्या शिंगांची लांबी सांगताना त्यांचे हात फाकत जातात आणि आज्जी चुलीपाशी बसूनच ते हात पुन्हा जवळ आणते: "मागल्या खेपंला येवढीच व्हती." पोरं हसतात. बाप हसत नाही. तो आजोबांच्या गोष्टीतला वारा कुठून होता ते विचारतो. गोष्ट तीच, प्रश्न दरवेळी नवा. ही या घरची शाळा.

"पळायचं त्याला कोण शिकवतं?" तुम्ही विचारता.

"त्याची आई," आजोबा म्हणतात. "आमी निस्तं थांबायला शिकवतो."

यातच या धंद्याचं सगळं मर्म आहे. कोंडलेल्या चित्त्यांना पिल्लं जवळजवळ होतच नसत आणि लहानपणी आईपासून तोडलेला बछडा शिकारीच्या कामाचा नसे. म्हणून पकडायचा तो रानात वाढलेला, आईकडून शिकलेला चित्ताच. त्यामुळे या ओसरीवर आलेला प्रत्येक चित्ता इथला पहिला असतो. त्याच्या आधीचा काय शिकला, ते त्याला ठाऊक नसतं. ते ज्ञान साठतं माणसांकडे. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्त्याकरवी केलेल्या शिकारीचं वर्णन आहे. म्हणजे दख्खनमध्ये हे कसब निदान आठशे वर्षं टिकलं. ते ग्रंथाने टिकवलं नाही. बापाच्या हातातून पोराच्या हातात गेलेल्या गाठीने टिकवलं, आणि आज्जीने दुरुस्त केलेल्या गोष्टींनी.

म्हणूनच ते झटकन संपलंही. संस्थानं गेली, चित्ते आणणं थांबलं, माळ नांगराखाली आले. १९४७च्या सुमारास भारतातले शेवटचे ज्ञात चित्ते आजच्या छत्तीसगडमध्ये, कोरिया संस्थानाच्या राजाच्या बंदुकीला बळी पडले आणि १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीटाची शिकारच बंद झाली, आणि ते योग्यच झालं. काळवीट आज दिसतं त्यात त्या कायद्याचा मोठा वाटा आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले, तेव्हा त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्यांच्याजवळ बसून मिरचीच्या भावावर बोलणारं कोणी नव्हतं. त्यांना ते नकोही होतं, कारण त्यांना रानातच राहायचं होतं.

तुमच्या घरी चित्ता नसेल. पण कोकणातल्या आजोबांनी रानडुकराच्या हाक्यात डबा बडवला असेल, मामाने ठासणीच्या बंदुकीत काथ्या ठासला असेल, आजीने वाट्याला आलेलं मटण कोणाकोणाकडे पाठवायचं ते ठरवलं असेल. ते बरोबर होतं की चूक, हा वाद नंतर घाला. आधी विचारा: वारा कुठून होता, कुत्र्याचं नाव काय होतं, वाटा कोणाला किती मिळायचा, पहिल्यांदा कोणाचे हात कापले. आणि आजोबा सांगत असताना आजीलाही शेजारी बसवा, म्हणजे शिंगांची लांबी बरोबर लिहिली जाईल. शिकार पुन्हा सुरू व्हायला नको. पण ती ज्यांनी पाहिली ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. या दिवाळीला गावी जाल तेव्हा वही घेऊन जा.