अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर यांची जुळणी

घरगुती स्टिरिओ संचात स्पीकरची संवेदनशीलता, संरोध व शक्ती पेलण्याची क्षमता पाहून अ‍ॅम्प्लिफायर निवडणे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर यांची जुळणी होय. जुन्या स्पीकरांचे सुटे भाग दुर्मीळ असल्याने त्यांच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची ठरते.

== संवेदनशीलता ==
स्पीकरला १ वॅट शक्ती दिल्यावर १ मीटर अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी म्हणजे त्याची संवेदनशीलता. ती डेसिबलमध्ये मोजतात. ध्वनिपातळी ३ डेसिबलने वाढवण्यास दुप्पट, तर १० डेसिबलने वाढवण्यास दहापट शक्ती लागते. त्यामुळे १९४०च्या दशकातील कर्ण्याच्या रचनेच्या क्लिप्शहॉर्नला मोजके वॅट पुरतात. एडगर विल्चर यांच्या संकल्पनेवर आधारलेल्या एआर-१ (१९५४) या हवाबंद पेटीच्या स्पीकरला कितीतरी अधिक लागतात.

== हानीची कारणे ==
अतिरिक्त शक्तीने स्पीकरची व्हॉइस कॉइल जळू शकते. मात्र कमी शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायरही निर्धोक नसतो. त्याचा आवाज मर्यादेपलीकडे वाढवल्यास तरंगांची टोके कापली जातात. यास क्लिपिंग म्हणतात. त्यातून उद्भवणाऱ्या जादा उच्च वारंवारता ट्वीटरला घातक ठरतात. क्वाडचा स्थिरविद्युत स्पीकर (१९५७) त्याच कंपनीच्या १५ वॅटच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरसोबत वापरला जाई. बऱ्याच अधिक शक्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरने त्यात ठिणग्या पडून तो निकामी होऊ शकतो.