बाणांचा चौथरा

सिंदी मेघेहून वर्ध्यात मगनवाडीला गेले की मगन संग्रहालय लागते. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या या वास्तूत चरख्यांची जी मांडणी आहे, तीत मगन चरख्यापाशी आमचे पाऊल दर वेळी रेंगाळते. हा चरखा पायाने चालतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोन चात्यांवर एकाच वेळी सूत काढता येते. पायाचा ताल चुकला की धागा तुटतो. यंत्र माणसाला ताल शिकवते की माणूस यंत्राला, हा प्रश्न तेथे उभे राहून आम्हाला अनेकदा पडला आहे. आज ज्या यंत्राविषयी लिहावयाचे आहे त्याचा सुताशी सुतराम संबंध नाही. ते जपानी आहे, करमणुकीचे आहे आणि विजेवर चालते. पण तेही पायाच्या तालावर जगते, आणि दुरुस्तीअभावी मरते.

नागपूरच्या एका मॉलमधील खेळघरात आम्ही ते प्रथम जवळून पाहिले तेव्हा त्याच्या पडद्यावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी डकवलेली होती. दोष काय, तर डावा बाण पावलाला दाद देत नव्हता. चौथरा शाबूत, दिवे लागलेले, गाणे चालू. बत्तीस पट्ट्यांपैकी काहींनी संप पुकारला म्हणून सारा डोलारा निकामी. मुंबईहून माणूस येईल, असे तेथील पोऱ्याने सांगितले. पुढल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा त्या जागी मक्याच्या लाह्यांचे दुकान थाटलेले होते. तेव्हापासून हे यंत्र आतून कसे असते, याचा शोध घेण्याची खोड आम्हाला लागली.

या जातीच्या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. १९९६ च्या डिसेंबरात ‘पाराप्पा द रॅपर’ हा घरगुती खेळ जपानात आला आणि तालाबरहुकूम कळ दाबणे हाच एक खेळ होऊ शकतो, हे सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९९७ मध्ये, कोनामी कंपनीने ‘बीटमेनिया’ हे मोठे कपाट बाजारात उभे केले: पाच कळा आणि एक फिरती तबकडी. १९९८ साली त्याच कंपनीचे ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आले आणि ताल हातांतून पायांत उतरला. दोन खेळाडू, प्रत्येकासमोर चार बाण. कोरियाच्या अँडामिरो कंपनीने १९९९ मध्ये ‘पंप इट अप’ काढून बाण तिरपे केले आणि मध्ये पाचवा चौकोन घातला. नामकोने २००१ साली ‘ताइको नो तात्सुजिन’मध्ये थेट ढोलच मांडला, त्यात मध्यावरचा ठोका वेगळा आणि कडेवरचा वेगळा. आपल्याकडे ज्याने तबल्याची चाट आणि मैदान ऐकले आहे त्याला हा भेद सांगावा लागणार नाही.

आता त्या चौथऱ्याकडे वळू. पोलादी सांगाडा, त्यात बसवलेले ॲक्रिलिकचे जाड बाणचौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या चारही कडांखाली एकेक लांबट पातळ पट्टी. या पट्टीच्या पोटात विद्युतवाहक थर असतात आणि त्यांच्यात बारीकसे अंतर राखलेले असते. वजन पडले की थर एकमेकांना टेकतात आणि विजेचा मार्ग पुरा होतो. बाणाच्या चारपैकी कोणतीही एक पट्टी टेकली तरी यंत्राला पाऊल कळते. एका खेळाडूच्या चार बाणांच्या सोळा, दोघांच्या मिळून बत्तीस. चौथऱ्यातच बसवलेला एक छापील मंडळाचा फलक या साऱ्यांची वार्ता घेऊन वर कपाटातील मेंदूकडे धाडतो.

रचना पाहावी तर इतकी साधी की तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही असे वाटावे. पण हजारो माणसे तीवर बुटांसकट उड्या मारतात. स्क्रू ढिले होतात, धूळ आणि घाम आत झिरपतो, ॲक्रिलिकला तडे जातात, पट्टी दबून दबून लुळी पडते. जुन्या खेळाडूंनी यावर जो उपाय काढला तो आपल्याकडच्या कोणत्याही मिस्त्रीला लगेच पटेल: चौकोन उचलायचा, खालचा मळ पुसायचा, आणि पट्टीवर चिकटपट्टीचे दोन-चार पदर चढवून चौकोन व पट्टी यांतील फट कमी करायची. फार पदर झाले तर बाण दाबलेलाच राहतो, कमी झाले तर ऐकत नाही. हे अंतर बोटांनीच कळते. पेटी दुरुस्त करणारा कारागीर पितळी सुराच्या टोकाशी कानस लावून स्वर चढवतो आणि मुळाशी घासून उतरवतो. त्या हातातली आणि या हातातली समज एकाच घराण्याची आहे, असे आमचे मत आहे.

कपाटातील मेंदूची गोष्ट निराळी. त्या काळच्या या खेळांत कोनामीने ‘सिस्टम ५७३’ नावाची पाटी वापरली. पाच, सात, तीन हे आकडे जपानीत विशिष्ट रीतीने वाचले की कंपनीच्या नावाचा उच्चार होतो. ही पाटी म्हणजे मूलतः सोनीच्या प्लेस्टेशनचेच रूपांतर, स्मृती तेवढी दुप्पट. तिच्या प्रक्रियकाची गती ३३.८६८८ मेगाहर्ट्झ. हा विचित्र अपूर्णांक आम्हाला बराच काळ छळत होता. मग एकदा कागदावर भागाकार केला: सीडीवरील संगीत दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत साठवलेले असते, आणि ४४,१०० ला ७६८ ने गुणले की नेमका हाच आकडा येतो. यंत्राच्या हृदयाचा ठोकाच सीडीच्या संगीताच्या मापाने बांधलेला आहे! आरंभीच्या आवृत्त्यांत गाणी थेट सीडीवरून वाजत. सीडी वाचणारे भिंग दुबळे झाले की गाणे अडखळते आणि पावलांना आधार उरत नाही.

पण खरे दुखणे घड्याळाचे. या पाटीवर वेळ आणि नोंदी जपणारी एम४८टी५८ नावाची एक चकती आहे. तिची लिथियम बॅटरी त्याच काळ्या प्लास्टिकच्या आवरणात कायमची बंद केलेली. वीज नसताना साधारण दहा वर्षे टिकेल, असा निर्मात्याचा हिशेब होता. दहा वर्षांनी ती मरते. यंत्र सुरुवातीच्या तपासणीतच अडते. मग कोणी नवी चकती शोधतो, तर कोणी काळजावर दगड ठेवून आवरण कोरतो, आतल्या तारा उघड्या पाडतो आणि बाहेरून नाण्याच्या आकाराचा साधा सेल जोडतो. त्याशिवाय खेळाबरोबर येणारी सुरक्षा-कॅसेट असते. खेळ बसवताना तिची आणि यंत्राची गाठ बांधली जाते. ती दुसऱ्या यंत्रात घातली तर चालत नाही. ही गाठ नकलाखोरांसाठी बांधली होती हे मान्य, परंतु तिचा काच बसला तो दुरुस्ती करणाऱ्याला.

पडद्याबाबत लोक हटकून एक चूक करतात. मूळ पडदा २९ इंची पिक्चर ट्यूबचा. तिचे कंडेन्सर सुकतात, चित्र आक्रसते, आणि तिच्यात हात घालणे जिवाशी खेळ, कारण वीज बंद केल्यावरही आत हजारो व्होल्टचा भार साचून राहू शकतो. शिवाय नव्या नळ्या मिळत नाहीत. एके काळी औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने, २००५ साली, थॉमसन कंपनीचा जगभराचा नळ्यांचा धंदाच विकत घेतला होता. पण सपाट पडद्यांनी तो धंदा गिळला. म्हणून मालक सपाट पडदा बसवतो. चित्र लखलखीत होते आणि खेळ बिघडतो! चित्राची एक चौकट सेकंदाचा साठावा भाग टिकते, उत्तम पावलाला मिळणारी मुभा जवळपास तेवढीच. आणि बरेचसे सपाट पडदे चित्र दाखवण्याआधी दोन-तीन चौकटी विचारात घालवतात. गाणे समेवर येते तेव्हा बाण अजून वाटेतच असतो.

आता एका खटल्याची हकीकत. २००४ साली रॉक्सॉर गेम्स या अमेरिकन मंडळीने ‘इन द ग्रूव्ह’ हा खेळ काढला. तो साध्या संगणकावर, लिनक्सवर चाले. त्याचा पाया ‘स्टेपमेनिया’ हा २००१ पासून सर्वांना खुला असलेला कार्यक्रम. त्याचा संच विकत घेऊन कोनामीच्या जुन्या कपाटात बसवता येई: मेंदू नवा, चौथरा जुना. कोनामीने २००५ मध्ये टेक्सासच्या न्यायालयात दावा लावला. पेटंटचा प्रश्न त्यात होताच, पण आमच्या कपाटाचे रूप दुसऱ्याच्या खेळाला वापरले जाते, हीही तक्रार होती. २००६ मध्ये तडजोड झाली आणि ‘इन द ग्रूव्ह’चे हक्क कोनामीकडे गेले. ज्या दुकानदाराने रोख मोजून पोलादाचा चौथरा घेतला, त्याने त्यावर कोणाचा ताल वाजवावा हे ठरवायचे कोणी? तडजोडीच्या कागदाने या प्रश्नाला बगल दिली, असे आम्हास वाटते.

मगनवाडीतील त्या चरख्याजवळ उभे राहिले की १९२९ सालची एक जाहिरात आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी अशा: किंमत दीडशे रुपयांच्या आत, हाताने वा पायाने चालावा, वेळोवेळी देखभाल केल्यास वीस वर्षे अखंड चालावा, आणि वर्षाकाठी बदलाव्या लागणाऱ्या भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा. दुरुस्तीचा खर्च यंत्र घडण्यापूर्वीच अटीत लिहिणारा माणूस विरळा. या अटी त्या वेळी पुऱ्या झाल्या नाहीत. बक्षीस कोणाला मिळाले नाही.

जुन्या कपाटांची दुरुस्ती मात्र चालू आहे, देशोदेशींच्या घरांच्या तळघरांत आणि गॅरेजांत. सुरक्षा-कॅसेटीची गाठ हौशी लोकांनी चिकाटीने सोडवली, ५७३ ची पाटी साध्या संगणकावर हुबेहूब वठवली, स्टेपमेनिया तर खुलाच होता. चौथऱ्यांचे सुटे भाग हौशीच नव्याने कापून घेतात. पट्ट्या तेवढ्या आजही बोटाने दाबूनच तपासाव्या लागतात: एकेक करून, बत्तीस.