जुने बॉनेट-दरवाजे घेताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका

अपघातात चेपलेला दरवाजा ठोकून सरळ करण्यापलीकडे गेला, की मोटारमालकापुढे दोन पर्याय उरतात. कंपनीचा नवा भाग घ्यायचा किंवा जुन्या बाजारातून तशाच गाडीचा उतरवलेला भाग शोधायचा. नेहमीच्या विमा पॉलिसीत दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर तर गाडीचे वय कितीही असो, कपात ५० टक्केच. साहजिकच मुंबईतील कुर्ला, दिल्लीतील मायापुरी वा चेन्नईतील पुदुपेट येथील बाजारांकडे अनेकांची पावले वळतात. मात्र, तेथे जाऊन ‘स्विफ्टचा दरवाजा द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही.

मारुती स्विफ्ट भारतात २००५ मध्ये आली. २०११ मध्ये आलेली तिची दुसरी पिढी पहिलीशी इतकी मिळतीजुळती होती, की रस्त्यावर दोन्हींतील फरक चटकन ध्यानात येत नाही. प्रत्यक्षात सांगाडा बदलला होता आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर सुमारे ४ सेंटीमीटरने वाढले होते. त्यामुळे एकीचे दरवाजे दुसरीला बसत नाहीत. २०१८ च्या तिसऱ्या पिढीत मागच्या दरवाज्याची मूठ वर, खिडकीच्या मागे गेली. २०२४ च्या चौथ्या पिढीत ती पुन्हा खाली आली. निदान तिथे तरी फसगत होण्याचे कारण नाही! याउलट, २०१९ मधील टोयोटा ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनोच. तिचे दरवाजे व फेंडर त्या वेळच्या बलेनोचेच होते. २०२२ मध्ये दोन्ही गाड्यांचे रूप बदलले, त्यामुळे येथेही वर्ष विचारणे आलेच.

हे वर्ष कोणते, याबाबत गल्लत होते. नोंदणीचे नव्हे, तर उत्पादनाचे वर्ष महत्त्वाचे. डिसेंबरमध्ये तयार झालेली गाडी पुढच्या वर्षी नोंदली जाणे नित्याचे आहे आणि नेमक्या त्या काळात मॉडेल बदलले असेल, तर भाग चुकतो. आरसी पुस्तकावर उत्पादनाचा महिना व वर्ष दिलेले असते. त्यावरून अधिकृत विक्रेत्याकडे भागाचा क्रमांक विचारून घ्यावा.

पिढी जुळली, तरी व्हेरिएंट जुळेलच असे नाही. महागड्या व्हेरिएंटमध्ये इंडिकेटर बाजूच्या आरशात असेल, तर फेंडरला त्यासाठी छिद्र नसते. साध्या व्हेरिएंटच्या फेंडरला ते असते. बंपरवर फॉगलॅम्पचे खाचे आणि सेन्सरची छिद्रे पाहावीत. बॉनेटच्या बिजागऱ्या, कुलपाचा आकडा व टेकूच्या दांडीची जागा जुळते का, हे तपासावे. सर्वांत किचकट भाग दरवाज्याचा. काच हाताने फिरवायची की मोटरवर चालणारी, वायरिंगच्या जोडणीत पिना किती, बिजागऱ्यांच्या बोल्टमधील अंतर किती, हे सारे पाहावे लागते. दरवाज्याच्या आत आडवी पोलादी दांडी असते. बाजूने धडक बसल्यास प्रवाशाचे रक्षण ती करते. ती वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली आढळल्यास, वरचा पत्रा कितीही चकचकीत असला तरी तो दरवाजा घेऊ नये. जुना भाग सोबत नेऊन दोन्ही शेजारी ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. डावी-उजवी बाजू नेहमी चालकाच्या आसनावर बसून ठरवतात, हेही सांगितलेले बरे.

पत्र्यावर पुट्टी भरलेली आहे का, हे कापडात गुंडाळलेल्या छोट्या लोहचुंबकाने कळते. पोलादी पत्र्यावर जेथे चुंबकाची पकड सैल होते, तेथे रंगाखाली जाड पुट्टी असण्याची शक्यता असते. कडांच्या आतील गंजही पाहावा. छत आणि मागच्या चाकावरील पत्रा बोल्टने नव्हे, वेल्डिंगने जोडलेला असतो. कापून आणलेला असा तुकडा आमच्या मते स्वस्तात मिळाला तरी टाळावा; सांगाड्याची ताकद त्या जोडावर अवलंबून असते.

चोरीच्या गाड्यांचे भागही या बाजारांत येऊ शकतात. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे दुकानाचे नाव असलेली पावती घ्यावी. भाग कोणत्या मॉडेलचा, कोणत्या वर्षाचा आणि न बसल्यास किती दिवसांत परत घेणार, हे त्या पावतीवरच लिहून घ्यावे. रंगकाम मात्र डेंटरने भाग गाडीवर बसवून, फटी सारख्या आल्याचे दाखवल्यानंतरच सुरू करू द्यावे. एकदा रंग चढला, की दुकानदार तो भाग परत घेण्याची शक्यता उरत नाही.