दुरुस्ती की बदल? मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरचा एक छोटा इतिहास

तंत्राच्या इतिहासात शोधाला जेवढी जागा मिळते, तेवढी दुरुस्तीला मिळत नाही. यंत्र प्रथम कोणी घडवले हे पाठ्यपुस्तके सांगतात. ते पुढे चाळीस वर्षे कोणी चालते ठेवले, याची नोंद सहसा होत नाही. साहित्याच्या अभ्यासकांना ही स्थिती अपरिचित वाटू नये. ग्रंथकर्त्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात. पोथ्या उतरवणाऱ्या आणि जपणाऱ्या हातांची नावे बहुधा हरवलेली असतात. मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरकडे आम्ही येथे या दृष्टीने पाहणार आहोत. बिघडलेला कार्ब्युरेटर दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न वरवर गॅरेजमधला आहे. भारतात मात्र त्याचे उत्तर काळागणिक बदलत गेले, आणि ते मिस्त्रीच्या मर्जीपेक्षा त्या त्या काळाच्या अर्थव्यवस्थेने दिले, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम यंत्राविषयी थोडे. इंजिनाचा दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढली जाते. ही हवा अरुंद केलेल्या गळ्यातून जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. अठराव्या शतकात बर्नुली आणि व्हेंचुरी यांनी अभ्यासलेले हेच तत्त्व. दाब घटताच खालच्या वाटीतले पेट्रोल पितळी जेटच्या सूक्ष्म छिद्रातून वर येते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. वाटीतली पातळी तरंगता फ्लोट व त्याची पिन सांभाळतात. हवा किती जावी हे वरखाली सरकणारी स्लाइड ठरवते, तर पेट्रोल किती जावे हे तिला जोडलेली निमुळती सुई. जेटमधून पेट्रोल फवारण्याची ही कल्पना 1893 च्या सुमारास दोन ठिकाणी आकाराला आली: जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांच्याकडे आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांच्याकडे. पुढे 1927 मध्ये इंग्लंडमध्ये तीन कार्ब्युरेटर कंपन्या एकत्र येऊन 'अमल' हे नाव जन्मले. ब्रिटिश मोटरसायकलींवर आणि त्यांच्याबरोबर भारतात बुलेटवर हे नाव दीर्घकाळ राहिले.

अशा कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असे. हा धातू ओतायला सोपा, पण मऊ. पुष्कळदा स्लाइडही त्याच धातूची असल्याने दोन्ही एकमेकांवर घासून झिजत. झिजलेल्या फटीतून आगंतुक हवा शिरली की गाडी 'स्लो'वर टिकत नाही. बोल्ट अति आवळले तर इंजिनाला टेकणारी कडा वाकते आणि तेथूनही हवा शिरते. पिनचे टोक झिजले की वाटी ओसंडते. यांतला प्रत्येक बिघाड दुरुस्त होण्याजोगा आहे. वाकलेली कडा सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासत घासत सरळ करता येते. झिजलेला गळा लेथवर मोठा करून आत नळी बसवता येते, किंवा त्याच्या मापाची नवी स्लाइड घालता येते.

सर्वांत सामान्य बिघाड म्हणजे जेटमध्ये कचरा अडकणे, आणि दुरुस्तीचे नीतिशास्त्र जर कोठे असेल तर ते येथे आहे. जेट पेट्रोलमध्ये धुवावा, हवेच्या झोताने साफ करावा. त्यात तार घालू नये. पितळ मऊ असते. तारेने छिद्र किंचितही मोठे झाले तर पेट्रोल जास्त जाते, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज उतरते. जेटवर कोरलेला आकडा तोच राहतो, छिद्र मात्र तेच राहत नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. तार घालणारा मिस्त्री आणि ओवी घालणारा लेखनिक यांचा अपराध एकच: मूळ नाव कायम ठेवून आतला मजकूर बदलणे. चांगली दुरुस्ती म्हणजे पाठशुद्धीच. काय कचरा आहे आणि काय मूळचे आहे, याचा विवेक तिला लागतो.

हा विवेक भारतात फोफावला त्यामागे टंचाई होती. मद्रासची एनफील्ड इंडिया 1955 ची, म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन 1961 पासूनचे. परवाने मोजके, आयातीवर निर्बंध आणि नव्या वाहनासाठी प्रतीक्षायादी अशा त्या काळात सुटा भाग बदलणे ही चैन होती. जावावरचा चेक बनावटीचा 'यिकोव्ह' किंवा बुलेटवरचा 'अमल' झिजला, तर तो पुन्हा उभा करणे हाच व्यवहार्य मार्ग असे. या काटकसरीला आज आपण कौशल्याचा सुवर्णकाळ म्हणू पाहतो. तसे म्हणताना तिच्या मुळाशी नाइलाज होता हे विसरता कामा नये.

1985 नंतर चित्र पालटू लागले. जपानी सहकार्याने 100 सीसीच्या गाड्या आल्या. हीरो होंडाची जाहिरातच पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची होती. ज्या यंत्राला सतत लक्ष द्यावे लागे ते आता विसरण्याजोगे झाले, हा सांस्कृतिक बदल आम्हाला तांत्रिक बदलाइतकाच महत्त्वाचा वाटतो. युकॅल कंपनीने जपानच्या मिकुनीच्या सहकार्याने 'मिककार्ब' बनवायला घेतला. तो नंतरच्या बुलेटवर कारखान्यातूनच येऊ लागला आणि जुन्या बुलेटवाल्यांनीही 'अमल' उतरवून तो चढवला. गाडी जुनी, श्वास नवा. मूळपणाचे आग्रही नाक मुरडत राहिले, पण रोज कामावर जाणाऱ्याला सकाळी एका किकमध्ये सुरू होणारी गाडी हवी होती. त्याची बाजू आम्हाला कमी वजनाची वाटत नाही.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 ची मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. इंधनाची मात्रा आता संगणक ठरवतो. याला सबळ कारण होते. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा, हे वजनी प्रमाण काटेकोर लागते. चढ, थंडी आणि झीज यांच्यासह ते सतत सांभाळणे साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. शहरांची हवा हा स्मरणरंजनाहून मोठा प्रश्न आहे.

तरीही दुरुस्तीचे प्रकरण संपलेले नाही. 2025 पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. इथेनॉल ओलावा शोषते. जुन्या रबरी वायसरांना ते मानवत नाही, आणि गाडी बंद उभी राहिली तर वाटीतल्या जस्ताला ते गंज चढवू शकते. रस्त्यावर उरलेल्या जुन्या गाड्यांना म्हणून जाणत्या हातांची गरज पुन्हा भासत आहे. नेमक्या याच वेळी ते हात निवृत्त होत आहेत. त्यांची भाषा, म्हणजे गाडी 'खोकते', 'पेट्रोल पिते', 'स्लो धरत नाही' ही बोली, मुख्यतः तोंडीच राहिली. गाडी खोकते म्हणजे पेट्रोल कमी पडते की हवा जास्त शिरते, हे आवाजावरून ओळखणे हे एक प्रकारचे वाचन होते. सुटा भाग आज ना उद्या मिळेल; हे वाचन शिकवणारा माणूस गेला तर त्याच्या जागी बदलून घालण्याजोगे काही नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांनी बोलींचे संकलन करताना एखादी दुपार गॅरेजमध्येही घालवावी, असे आम्ही सुचवतो.